मुलांचा डॉक्टर, मोठ्यांचा डॉक्टर आणि मधला पेशंट

हिमोग्लोबिन साडेआठ. या एका आकड्यावरून एका मुलाला रक्त न देता घरी पाठवलं गेलं. मला जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

मुलगा थॅलेसेमिया मेजरचा, म्हणजे शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवताच येत नाही अशा जन्मजात रक्तविकाराचा. सात महिन्यांचा असताना त्याची आई त्याला इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा घेऊन आली, तेव्हा तो कागदासारखा पांढरा पडला होता. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी रक्त, शरीरात साठणारं लोह काढायच्या गोळ्या, फेरिटिनची (म्हणजे साठलेल्या लोहाची) तपासणी, शाळेच्या सहलीच्या तारखा पाहून रक्ताच्या तारखा पुढेमागे करणं, हे सगळं आम्ही तिघांनी मिळून सतरा वर्षं सांभाळलं. रक्त चढवायला तो ज्या रुग्णालयात जायचा, तिथल्या नर्सना त्याची कोणती शीर चांगली लागते हेसुद्धा पाठ होतं. अठरा पूर्ण झाल्यावर तिथल्या मुलांच्या विभागात त्याचा पर्चा बनेना. नियमच तसा. त्याला मोठ्यांच्या मेडिसिन विभागात पाठवलं.

तिथला निवासी डॉक्टर हुशार होता, कष्टाळू होता आणि बहुधा आदल्या दिवसापासून झोपलेला नव्हता. त्यानं रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, साडेआठला रक्त कशाला? सातच्या खाली गेलं की या. मोठ्या माणसांच्या वैद्यकात त्याचं चुकलेलं नव्हतं. प्रकृती स्थिर असलेल्या प्रौढ रुग्णाला सातच्या खाली गेल्याशिवाय सहसा रक्त देऊ नये, असंच त्याला शिकवलेलं होतं. पण थॅलेसेमियात रक्त वेगळ्या कारणासाठी देतात. दोन रक्तांच्या मध्येसुद्धा हिमोग्लोबिन साडेनऊ-दहाच्या खाली घसरू द्यायचं नसतं. ते घसरलं की अस्थिमज्जा स्वतःच रक्त बनवण्याच्या निष्फळ धडपडीत फुगते, हाडं ठिसूळ होतात, प्लीहा वाढते आणि हृदयावर ताण येतो. बालरोगाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे माहीत असतं. मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं असा एकही रुग्ण पाहिलेला नसण्याची शक्यता असते, कारण एकेकाळी ही मुलं मोठ्यांच्या वॉर्डापर्यंत पोचतच नसत.

पुढच्या खेपेला त्याला तिथे भरती केलं, तेव्हा रात्री आईला थांबू दिलं नाही. पुरुषांचा वॉर्ड, बायकांना परवानगी नाही. जिनं सतरा वर्षं त्याच्या प्रत्येक पिशवीचा नंबर वहीत लिहून ठेवला, ती बाई व्हरांड्यात सतरंजी टाकून बसली आणि तिची ती वही कोणी मागितलीही नाही. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात वेगळं काही झालं असतं, असं मला वाटतही नाही. कोणी दुष्टपणा केला नव्हता. प्रत्येकानं आपापलं काम शिकवल्याप्रमाणे केलं होतं, म्हणून तर मला हे लिहावंसं वाटतं.

माझं म्हणणं असं आहे. बालरोग आणि मेडिसिन या दोन्ही विषयांत एकत्र, पुरतं प्रशिक्षण घेतलेले काही डॉक्टर आपल्या देशात तयार व्हायला हवेत. मुलांचा डॉक्टर होता होता मोठ्यांचं थोडं शिकलेले नकोत, की मोठ्यांचा डॉक्टर होऊन मुलांनाही ‘बघून घेतो’ म्हणणारे नकोत. दोन्हीकडे तितकेच पक्के हवेत. आणि अशा डॉक्टरांचं पुढे काय होतं, ते कुठे नोकरी करतात, दोन्ही विषय त्यांच्या हातात टिकतात का, याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही. जगात एका ठिकाणी हा प्रयोग अर्धशतकाहून जास्त काळ चालू आहे.

माझी भाची सध्या अमेरिकेत तेच शिकते आहे. तिकडे त्याला ‘मेड-पीड्स’ म्हणतात. १९६७ मध्ये तिथल्या अंतर्गत वैद्यक (म्हणजे मोठ्यांचं मेडिसिन) आणि बालरोग या दोन्ही विषयांच्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांनी एकत्र येऊन याला मान्यता दिली. एरवी मेडिसिनला तीन वर्षं आणि बालरोगाला तीन वर्षं लागतात. हे लोक चार वर्षांत दोन्ही करतात, चोवीस महिने इकडे आणि चोवीस तिकडे. आधी एक संपवून मग दुसरं, असं ते नसतं. तीन-चार महिने मुलांमध्ये, मग तीन-चार महिने मोठ्यांमध्ये, असं आलटून पालटून चालतं. शेवटी दोन परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या इतर सर्वांना असतात त्याच. सवलत नाही, वेगळी सोपी प्रश्नपत्रिका नाही.

मी तिला फोनवर विचारलं, दर तीन महिन्यांनी डोकं बदलायला त्रास होत नाही का? ती म्हणाली, “मावशी, पहिला आठवडा फार वाईट जातो. औषधाचा डोस वजनावर काढायचा की नाही, इथपासून गोंधळ होतो. पण दुसऱ्या वर्षी एक गंमत कळते. मोठ्यांच्या वॉर्डात मी जे प्रश्न विचारते ते बाकीचे विचारत नाहीत. लहानपणी काय झालं होतं, हे मीच विचारते.” मला वाटतं, दुहेरी प्रशिक्षणाचा सगळा फायदा तिच्या या शेवटच्या वाक्यात आला.

आता त्यांच्या कारकिर्दीविषयी. तिकडे या पदवीधरांची वेळोवेळी पाहणी झाली आहे आणि तिच्यातून वारंवार एकच गोष्ट समोर येते: बहुसंख्य जण शिक्षण संपल्यावरही मुलं आणि मोठी माणसं दोघांनाही तपासत राहतात. सुरुवातीला लोकांना जी भीती होती की हे चार वर्षांनी एक बाजू सोडून देतील आणि अर्धं शिक्षण वाया जाईल, ती खरी ठरली नाही. काही कौटुंबिक दवाखान्यांत जातात, काही रुग्णालयांत भरती झालेल्यांची जबाबदारी घेतात, काही पुढे हृदयरोग, संसर्गरोग, अंतःस्रावांचे विकार अशा शाखांत जातात, काही शिकवतात. आणि ज्यांच्या आजाराची सुरुवात पाळण्यात झाली पण जे आता नोकरी करतात, लग्न करतात, अशा रुग्णांच्या खास केंद्रांमध्ये हे डॉक्टर हमखास सापडतात.

सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. तिकडे बालरोगतज्ज्ञाला मोठ्यांच्या डॉक्टरपेक्षा कमी मिळकत असते, म्हणून त्यांच्यातले काही जण हळूहळू मोठ्यांकडे सरकतात. दोन प्रमाणपत्रं जिवंत ठेवायची म्हणजे दोन्हीकडची फी आणि दोन्हीकडचा अभ्यास आयुष्यभर करावा लागतो. ज्याला मुलांचा आणि मोठ्यांचा, दोन्हींचा हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं आहे त्याची तर आणखी कितीतरी वर्षं जातात. भाचीच्या वर्गमैत्रिणींपैकी एकीनं तो नाद सोडून दिला, तिला मी दोष देणार नाही.

तरीही तिकडे या डॉक्टरांची गरज वाढत गेली, कारण पेशंट बदलले. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार एकेकाळी निव्वळ लहान मुलांचा रोग होता. आज अमेरिकेत त्याचे निम्म्याहून अधिक रुग्ण प्रौढ आहेत. जन्मजात हृदयविकार असलेले प्रौढ तिथे तसाच विकार असलेल्या मुलांपेक्षा संख्येनं जास्त झाले. त्यासाठी २०१५ मध्ये ‘प्रौढांचा जन्मजात हृदयविकार’ या विषयाची वेगळी परीक्षा सुरू करावी लागली. हे विषयाचं नाव ज्यानं पहिल्यांदा ऐकलं त्याला ते विचित्रच वाटलं असणार. पण बालरोगवाल्यांनी आणि शल्यविशारदांनी मुलं वाचवली, ती मोठी झाली, आणि मोठी झाल्यावर त्यांना ओळखणारं कोणी उरलं नाही, हे सगळं त्या एका नावात आहे.

आपल्याकडेही आता हेच होऊ लागलं आहे. भारतात दरवर्षी थॅलेसेमिया मेजरची दहा ते बारा हजार मुलं जन्मतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. आमच्या इंदुरात सिंधी समाजाची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यात या आजाराच्या वाहकांचं प्रमाण अधिक, त्यामुळे इथल्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाकडे अशी मुलं असतात. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा लोह काढण्यासाठी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई लावून पंप चालवावा लागे. ते औषध महाग आणि मुलं कंटाळत. मग तोंडानं घ्यायची औषधं आली आणि चित्रच पालटलं. माझ्याकडची आठ-नऊ मुलं आता पंचविशीच्या पुढे आहेत. त्यांच्यातली एक बँकेत आहे. एकाचं गेल्या वर्षी लग्न झालं.

मधुमेहाचंही असंच आहे. लहानपणी होणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. इन्सुलिन बंद म्हणजे काही दिवसांत जीव धोक्यात. पण मोठ्यांच्या ओपीडीत दिवसाला शंभर मधुमेही येतात ते जवळजवळ सगळे टाइप २ चे, ज्यांचं गोळ्यांवर भागतं. अशा गर्दीत एकोणीस वर्षांचा मुलगा पोचला आणि त्यानं “इंजेक्शनचा कंटाळा आलाय हो” म्हटलं की समोरचा डॉक्टर कधी कधी सहानुभूतीनं म्हणतो, बघू, गोळ्या सुरू करून बघू. त्या सहानुभूतीमुळे माझा एक पेशंट चौथ्या दिवशी अतिदक्षता विभागात पोचला होता. वाचला.

या मुलांचा विचार करताना मला नेहमी लेनर्ड थॉम्पसन आठवतो. ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोत जगातलं पहिलं इन्सुलिनचं इंजेक्शन मिळालं ते याला. तो तेरा-चौदा वर्षांचा होता. ते इंजेक्शन पुरेसं शुद्ध नव्हतं, बारा दिवसांनी सुधारलेलं दिलं तेव्हा लागू पडलं आणि मरणाच्या दारात उभा असलेला तो मुलगा १९३५ पर्यंत जगला. आजच्या आपल्या कितीतरी रुग्णालयांत चौदा वर्षांच्या मुलाला कुठल्या वॉर्डात घालायचं यावर केसपेपरच्या खिडकीशी वाद होतो. भारतीय बालरोग अकादमी अठरापर्यंत बालरोगाची मर्यादा मानते, प्रत्यक्षात कुठे बाराला तर कुठे चौदाला दार बंद होतं. म्हणजे माझ्या पेशंटला निदान अठरापर्यंत तरी ओळखीचे चेहरे मिळाले, खेड्यातल्या कित्येकांना तेही मिळत नाहीत.

आपल्या सरकारी योजनांनाही ही रेष आडवी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष शोधायचे आणि उपचार करायचे, ही फार चांगली योजना आहे. अंगणवाडीत, शाळेत जाऊन पथकं मुलं तपासतात, हृदयाची शस्त्रक्रिया होते. धार-बडवानीकडच्या कितीतरी मुलांची अशी शस्त्रक्रिया झालेली मी पाहिली आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण शस्त्रक्रिया हा त्या हृदयाचा शेवट नाही. फॅलोट टेट्रॅलॉजी, म्हणजे लोक ज्याला ‘निळं बाळ’ म्हणतात त्यातला सर्वात जास्त दिसणारा दोष, तो दुरुस्त केला तरी बऱ्याच जणांत फुप्फुसाकडे जाणारी झडप गळत राहते. वीस-पंचवीस वर्षं काही जाणवत नाही. उजवा कप्पा मात्र हळूहळू मोठा होत जातो आणि कधीतरी ठोके बिघडतात. मुलगी असेल तर बाळंतपणात हा ताण एकदम वाढतो. त्या चाळीस-पन्नास वर्षांच्या पाठपुराव्याचा धनी कोण? अठरापर्यंतची यादी एका विभागाकडे आहे, पुढची कुणाकडेच नाही.

आणि सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवात झाली ती आमच्या मध्य प्रदेशातच, शहडोलला. सतरा राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, शून्य ते चाळीस या वयोगटातल्या. २०४७ चं उद्दिष्ट आहे. मला या अभियानातली ‘शून्य ते चाळीस’ ही नोंद फार महत्त्वाची वाटते. हा रोग वयाची रेष मानत नाही, हे सरकारनं कागदावर मान्य केलं. पण शून्य ते चाळीस या वयोगटासाठी घडवलेला डॉक्टर आपण कुठे तयार केला? गंगवाल बसस्टँडला झाबुआ-अलीराजपूरकडून गाड्या येतात. त्यांतून उतरणारी आई कडेवरच्या पोराला घेऊन एका रांगेत उभी राहते आणि तिच्याबरोबर आलेला तिचा बावीस वर्षांचा भाऊ दुसऱ्या रांगेत. रोग एकच, रक्त एकच, दोन पर्चे, दोन इमारती. मुलाच्या डॉक्टरला या रोगातल्या असह्य हाडदुखीची सवय असते, तो वेदनाशामक द्यायला कचरत नाही. भाऊ मोठ्यांच्या कॅज्युअल्टीत तेच जोरकस इंजेक्शन मागतो तेव्हा त्याच्याकडे संशयानं बघितलं जातं, याला सवय लागली असेल म्हणून.

यावर माझे स्वतःचे व्यवसायबंधू जे आक्षेप घेतात ते मला पाठ झाले आहेत, कारण मीही एकेकाळी तेच बोलत असे. पहिला आक्षेप: एक ना धड, भाराभर चिंध्या. हा आक्षेप मला खरा वाटतो तो अर्धवट शिक्षणाबाबत. माझ्या लहानपणी रामबागेत एक डॉक्टर होते, त्यांच्या पाटीवर ‘एम.डी. (मेडिसिन), डी.सी.एच.’ असं होतं. आजोबांचा दमा आणि माझी गोवर त्यांनी एकाच बैठकीत बघितली आहे. तेव्हा मुलांच्या आरोग्याची दोन वर्षांची पदविका वेगळी करता येई आणि काही जण ती मेडिसिनच्या जोडीला करत. म्हणजे दोन्ही शिकलेला माणूस ही कल्पना आपल्याला परकी नाही. नंतर पदविकांच्या जागा मोठ्या प्रमाणात पदवीच्या जागांमध्ये बदलल्या आणि ती वाट बुजत गेली. (राष्ट्रीय परीक्षा मंडळानं २०२० पासून काही विषयांत दोन वर्षांची पदविका पुन्हा आणली, त्यात बालरोग आहे. पण ती एकट्या विषयाची आहे.) चोवीस आणि चोवीस महिने शिकून दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला चिंध्या म्हणणं मात्र अन्याय आहे.

बालरोग हा मेडिसिनपासून वेगळा व्हायला हवा होता, हेही मी ठासून सांगते. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे पटवून द्यायला आमच्या आधीच्या पिढीला फार झगडावं लागलं. एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेत बालरोग स्वतंत्र विषय व्हायलाही नव्वदचं दशक उजाडलं. ते मिळवलेलं घालवायला मी तयार नाही. दोन घरं वेगळी झाली ते योग्यच झालं. पण दोन्ही घरांत राबता असलेलं, दोन्हीकडच्या चाव्या जवळ असलेलं कोणीतरी हवं ना.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा असतो आणि तो मला जास्त छळतो. आमच्या नात्यातला एक मुलगा एमबीबीएस झाल्यावर विचारायला आला होता, “काकू, मेडिसिन घेऊ की पीडिॲट्रिक्स?” त्याला खरोखर दोन्ही आवडत होतं. मी त्याच्यासमोर हिशोब मांडला. एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं, नीट-पीजीच्या तयारीचं एक, एमडीची तीन, म्हणजे अठ्ठावीस झालेच. दुसरी एमडी करायची तर पुन्हा तीच प्रवेशपरीक्षा, पुन्हा तीन वर्षं, पुन्हा त्याच कनिष्ठ निवासी डॉक्टरच्या रात्रपाळ्या. तोवर बरोबरचे डीएम, म्हणजे एमडीनंतरची विशेष पदवी, करून हृदयरोगतज्ज्ञ झालेले असतील. त्यानं मेडिसिन घेतलं. मेडिसिनमधून पुढे जास्त दारं उघडतात, हे सगळे विद्यार्थी जाणतात. तो चांगला डॉक्टर होईल, पण मुलांच्या वॉर्डात त्याला जे सुख होतं ते मी पाहिलं होतं. आपण त्याला निवड करायला लावली ती व्यवस्थेच्या सोयीसाठी. पेशंटची त्यात काहीच सोय नव्हती.

आणि त्यानं कसंही करून दोन्ही पदव्या मिळवल्या असत्या तरी त्याला बसवलं कुठे असतं? खरी गाठ इथे आहे असं मला वाटतं. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात पद विभागाचं असतं. मेडिसिन विभागाचा सहायक प्राध्यापक, बालरोग विभागाचा सहायक प्राध्यापक. दोन्हीकडे अर्धा अर्धा बसणारा माणूस तपासणीला आलेल्या पथकाच्या कोणत्या रकान्यात मोजायचा? फॅमिली मेडिसिनचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात त्या विषयाला बळ द्यायची गोष्ट आहे, २०१७ च्या धोरणात पुन्हा आहे. पदवी आहे, शिकणारे आहेत, पण एमबीबीएसच्या कॉलेजांत त्याचा विभाग असणं सक्तीचं नाही, आणि ज्या विषयाला विभाग नाही त्याला विद्यार्थ्याच्या डोळ्यासमोर माणूस नाही. आपल्याला पुढे काय व्हायचं आहे हे विद्यार्थी पुस्तकं वाचून ठरवत नाही. वॉर्डातल्या एखाद्या सरांकडे, मॅडमकडे बघून ठरवतो. अमेरिकेत मेड-पीड्स टिकलं त्यात त्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाइतकाच वाटा या गोष्टीचा आहे की रुग्णालयांनी त्यांना जागा करून दिली, आणि आधीच्या तुकड्यांतले डॉक्टर पुढच्यांना शिकवायला उभे राहिले.

इथे मी एक भीती उघड बोलते. सामूहिक आरोग्य केंद्रात नियमाप्रमाणे चार तज्ज्ञ हवेत: सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ. ग्रामीण आरोग्याच्या सरकारी आकडेवारीत २०२१-२२ साली या तज्ज्ञांची तूट ऐंशी टक्क्यांच्या आसपास होती. दोन्ही विषयांचा डॉक्टर तयार झाला की कोणीतरी हुशार अधिकारी म्हणेल, वा, एका पगारात दोन पदं भरली! असं झालं तर मी या प्रस्तावाच्या विरोधात उभी राहीन. चोवीस तासांत नवजात बाळांचा कक्ष आणि हृदयविकाराचा झटका आलेला म्हातारा या दोघांच्या हाकेला एकटा धावणारा डॉक्टर सहा महिन्यांत राजीनामा देतो. झाबुआच्या केंद्रात असा डॉक्टर असणं फार मोलाचं ठरेल, पण तिसरा माणूस म्हणून, किंवा निदान ज्याच्या रजेच्या दिवशी कोणी दुसरा आहे असा माणूस म्हणून.

मग सुरुवात कुठून करायची? राष्ट्रीय वैद्यक आयोगानं देशातल्या मोजक्या संस्थांमध्ये चार वर्षांची एकत्र एमडी सुरू करावी. त्यात दोन्ही विभाग समान भागीदार असावेत आणि उत्तीर्ण झालेल्याला दोन्ही विभागांत पदासाठी पात्र धरावं. हा शेवटचा भाग नसेल तर पहिला करूच नये. हे व्हायला वर्षं लागतील. तोपर्यंत राष्ट्रीय परीक्षा मंडळ एमडीनंतरच्या फेलोशिप चालवतंच. बालपणापासूनच्या आजारांसह मोठ्या झालेल्या रुग्णांसाठी तशी एक फेलोशिप काढता येईल, दोन्हीकडच्या एमडींना खुली. आणि एमडीच्या विद्यार्थ्यांना आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढावेच लागतात. त्यातला एक महिना मेडिसिनच्या विद्यार्थ्यानं मुलांच्या रक्तविकारांच्या आणि मधुमेहाच्या ओपीडीत काढला तर साडेआठच्या आकड्याचा अर्थ त्याला जन्मभर विसरता येणार नाही. इंदुरात तर हे आणखी सोपं आहे. १८७८ पासून या गावात वैद्यकीय शिक्षण चालू आहे, महात्मा गांधी स्मृती महाविद्यालयाला पाऊणशे वर्षं होऊन गेली, एम. वाय. रुग्णालय आणि मुलांचं चाचा नेहरू रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. दोन विभागांनी महिन्यातून एकदा एका खोलीत बसायचं ठरवलं तर भोपाळच्या राज्य सरकारची परवानगीसुद्धा लागू नये.

माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. इतकी वर्षं मी मोठ्यांच्या डॉक्टरांना नावं ठेवत राहिले आणि माझी मोठी झालेली मुलं स्वतःकडेच ठेवून घेतली. ती यायची, मीही सोडायची नाही. खेळण्यांच्या टोपलीशेजारी, हत्तीच्या चित्राखाली सहा फुटांचा मुलगा बसलेला असायचा. अमेरिकेत बालरोग, कौटुंबिक वैद्यक आणि अंतर्गत वैद्यक अशा तीन संघटनांनी मिळून २०११ मध्ये सांगितलं की मुलांच्या डॉक्टरकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याची बोलणी बारा-चौदाव्या वर्षीच सुरू करावीत. मी अठराव्या वर्षीसुद्धा करत नव्हते. परिणाम काय? त्या सहा फुटी मुलाचा रक्तदाब मी कित्येक महिने मोजलाच नाही. एका मुलीनं तेविसाव्या वर्षी मला विचारलं, “मॅडम, मला मूल होईल का?” आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. लोहाचा परिणाम अंतःस्रावांवर होतो एवढं मला माहीत होतं. पुढचं मोठ्यांच्या वैद्यकातलं होतं आणि तिथे मी पोचले नव्हते. माया होती, ज्ञान कमी पडत होतं. माझ्या बाजूनंही ती रेष तितकीच पक्की होती.

म्हणून गेल्या वर्षीपासून मी आणि माझा एक जुना फिजिशियन मित्र महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझ्या दवाखान्यात एकत्र बसतो. वयाची अट नाही. फी एकच. प्रत्येकाचा सुरुवातीपासूनचा इतिहास आम्ही दोन पानांत लिहून त्याच्याच हातात देतो, म्हणजे उद्या तो पुण्याला नोकरीला गेला तरी कागद त्याच्याबरोबर जाईल. पहिल्या शनिवारी चौघं आली. थॅलेसेमियाचा तो मुलगा आला होता. मित्रानं त्याच्या आईची वही अर्धा तास वाचली आणि मग मला विचारलं, हे सगळं मला एमडीला कोणी का नाही सांगितलं?

सर्वात शेवटी एक मुलगी आली, कडेवर सात महिन्यांचं बाळ. हिचं फॅलोटचं ऑपरेशन चौथ्या वर्षी झालं होतं, मीच पाठवलं होतं. लग्न होऊन खंडव्याला गेली, बाळंतपण झालं, आणि या सगळ्यात तिच्या हृदयाची सोनोग्राफी शेवटची केव्हा झाली ते तिलाही आठवत नव्हतं. ती बाळाला दाखवायला आली होती, खंडव्याच्या डॉक्टरांना त्याच्या छातीत कसलातरी आवाज ऐकू आला होता म्हणून. आईला असा दोष असला की बाळाचं हृदय एकदा नीट बघून घ्यावं लागतंच. स्वतःला दाखवायचं तिच्या मनातही नव्हतं.

मी बाळाला टेबलावर घेतलं, मित्रानं तिला खुर्चीत बसवलं. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. बाळाच्या छातीतला आवाज निरागस, म्हणजे निरुपद्रवी निघाला. मित्रानं मात्र स्टेथोस्कोप काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तू ऐक. आणि मला बाळाचं ऐकू दे.” मग आम्ही जागा बदलल्या.